भीतीसकट इंग्रजी

सुरेश गेल्याचं त्याच्या बायकोने, विमलवहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा आधी मला भीतीच वाटली. रडू नंतर आलं. चाळिशीही न गाठलेला माणूस, आदल्या रविवारी दोंडाईच्याला माझ्याकडे जेवून गेलेला... महिना होत आला, तरी फोन वाजला की अजून लगेच उचलवत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आम्ही दोघे जळगावला, मेहरूणमध्ये एका खोलीत राहायचो. तो नरडाण्याजवळच्या खेड्यातला, शेतमजुराचा मुलगा, इंग्रजीत एम.ए. करत होता. कादंबऱ्यांचा फडशा पाडायचा, पण इंग्रजीत तोंड उघडायचं म्हटलं की दरदरून घाम. एकदा वर्गात बोलला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला, तेव्हापासून दातखीळ बसल्यासारखा गप्पच. प्राध्यापक तर व्हायचं होतं, आणि मुलाखत इंग्रजीत... शेवटी त्याने रेडिओला गुरू केलं. सकाळच्या इंग्रजी बातम्या लागल्या की निवेदकाच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे राहून, तो मोठ्याने बोलायचा. मी पोहे परतता परतता ऐकायचो. वर्षभरात उच्चार असे घासूनपुसून लख्ख झाले की घरमालकांना वाटे, रेडिओच सुरू आहे.

घोटाळा एवढाच झाला की उच्चारांबरोबर बातम्यांचा सूरही त्याला चिकटला. धुळ्याच्या एका कॉलेजात मुलाखत होती. दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. नाव, गाव, वडिलांचं काम, सगळं पठ्ठ्या आधी ठळक बातम्या, मग सविस्तर, अशा थाटात सांगत होता. आतून कुणीतरी मिश्कीलपणे विचारलं, "आणि हवामान?" पुन्हा तोच हशा. मला वाटलं, संपलं. हा आता उठून पळणार. तेवढ्यात सुरेशचा आवाज आला, अडखळत, पण त्याच्या स्वतःच्या सुरात. धुळ्याचं ऊन, त्या उन्हात शेतात निंदायला जाणारी आई, असं काय काय तो इंग्रजीत सांगत गेला. हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही.

बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. भीती गेली का, असं मी विचारलं. तो अहिराणीत म्हणाला, "भ्याव जात नही रे. आपनच बोलत ऱ्हावानं."

नोकरी मिळाली. पुढे तर दुसऱ्या वर्गांतली मुलं त्याच्या तासाला येऊन बसायची. भीतीबिती केव्हाच मागे पडली, असं मीही धरून चाललो होतो. परवा भेटायला गेलो तेव्हा तसं बोललो. वहिनी म्हणाल्या, "कसली मागे पडते, भाऊ? रोज कॉलेजला निघताना हात इतके थरथरायचे की बाहीचं बटण मीच लावून द्यायची."

शेवटच्या दिवशी, नेण्याआधी त्याला नवा सदरा घातला, तेव्हाही बटण त्यांनीच लावलं. "पहिल्यांदाच हात हलला नाही," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी घाबरले."