मामा, मॅन्युअल आणि आईचा धवला

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर माझं डोकं फुटेल.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या फ्लॅटमध्ये नवा स्टिरिओ रिसीव्हर आलाय. टिफिनएवढा, सोबत दोन छोटे स्पीकर. कॅम्प दोनच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मीच आणला, तोही फक्त एका कॅसेटसाठी. तिच्यात आईच्या मावशीच्या आवाजातले धवले आहेत, म्हणजे आमच्या आगरी लग्नात बायका गातात ती गाणी. मावशी आता नाही. दुसऱ्या दिवशी जांभूळ गावात मामाच्या मुलीची हळद, धवला आईने गायचा, आणि आईला मधली कडवीच आठवेनात! जुन्या टेपवर कॅसेट फिरते, पण त्याचा स्पीकर मेलाय. म्हणून हा रिसीव्हर.

मी मॅन्युअल उघडून बसले, तेवढ्यात मामा आला आईला न्यायला.

मामा म्हणजे साउंडमधला तज्ज्ञ. का? तर त्याच्या मित्राचा डीजे आहे आणि हा टेम्पोत पुढे बसतो. बस. एवढीच डिग्री.

"यो डबा काय वाजनार गो? आमचा डीजे वाजला का अख्खा गाव हलतो."

"मामा, मला आधी वाचू दे ना."

"वाचून कुनी डीजे लावलाय का? सर बाजूला."

मग साहेबांनी स्पीकरची वायर दातांनी सोलली. दातांनी! तांब्याचे केस झाडूसारखे पिंजारलेले, ते तसेच मागच्या भोकांत कोंबले. कुठली लाल, कुठली काळी, काही बघणं नाही. आणि आवाजाचं बटण आधीच फुल. का? तर हळदीला पहिला दणका जोरात पाहिजे. हळदीला, मामा! मैदानात! आमच्या हॉलमध्ये दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला सोफ्यावर बसावं लागतं!

बटण दाबलं. टक्. स्क्रीन बंद. परत दाबलं. टक्.

"चुना लावला तुला दुकानदारानं," असं म्हणून हा किचनमधून सुरी घेऊन आला, उघडायला.

आई कॅसेट पदरात धरून उभी. तिच्याकडे वळून म्हणतो, "ताई, धवलं कशाला गो? डीजे हाय ना. आन ती कॅसेट इकडं, तिच्यातच लोचा असंल."

"मामा, हात नाही लावायचा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या.

मॅन्युअलच्या चौथ्या पानावर चित्रासकट होतं. दोन वायरींचं तांबं एकमेकांना लागलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. म्हणजे त्या टिफिनला मामापेक्षा जास्त अक्कल! मी प्लग काढला, केस पिळून घट्ट केले, लाल लालमध्ये, काळी काळीमध्ये. टेपची वायर मागे लावली. आवाज शून्यावर. मग बटण, आणि आवाज हळूहळू वर.

आधी खरखर. मग मावशी.

आई पेन शोधत धावली, लग्नपत्रिकेच्या मागे कडवी उतरवू लागली. एका ओळीवर तिचा हात थांबला, म्हणाली, "परत लाव." मी सात वेळा लावलं. मामा सोफ्यावर चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी जांभूळला आईने अख्खा धवला गायला, एकही कडवं न गाळता. डीजेवाले स्विचवर बोट ठेवून थांबलेले. आणि मामा मांडवात सगळ्यांना सांगत फिरत होता, "ताईला कॅसेट मीच ऐकवली, रिसीव्हर जोडून दिला ना."

जोडून दिला!

खरं सांगा, तुमच्याही घरी असा एक तज्ज्ञ येऊन वायरी चावून गेलाय का?