दोन जावा आणि वाजणारे पांघरूण

शिवणबाईंचा स्वभाव मुळात वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. कारण पुढे जे सांगायचे आहे, त्यावरून वाचणाऱ्याचा तसा समज होण्याचा संभव आहे.

बाजाराच्या रस्त्यावर त्यांचे शिवणाचे दुकान होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी मशीन, मशीनशेजारी चिंध्यांची टोपली आणि मागच्या भिंतीवर बंदर कचेरीच्या जुन्या कॅलेंडरांची रांग. या कॅलेंडरांच्या पहिल्या पानावर दर वर्षी किनाऱ्यावरील पक्ष्यांचे छायाचित्र असे, आणि ते शिवणबाईंनी काढलेले असे. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचे तोंड बाई मुद्दाम त्या भिंतीकडे करवीत. "सरळ उभे राहा, समोर बघा," असे म्हणत. समोर पाहिले की कॅलेंडरे दिसणारच.

बाईंचे यजमान फोटोग्राफर होते. ते गेल्यानंतर त्यांचा कॅमेरा आणि हातभर लांबीची लेन्स बाईंकडे राहिली. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी थव्याथव्यांनी किनाऱ्यावर उतरत. त्यांत तुतवार म्हणून एक पक्षी असतो. मुठीत मावेल एवढा, पाय काडीसारखे, आणि सदा घाईत असलेला. त्याचे चित्र घेण्याची बाईंची रीत ठरलेली होती. भरती येण्याआधी ओल्या वाळूवर पालथे पडायचे, अंगावर स्वतः शिवलेले मातकट पांघरूण घ्यायचे, आणि पक्ष्यांच्या मागे मुळीच जायचे नाही. पाणी चढू लागले म्हणजे तेच पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे सरकवते. ही रीत बाईंनी थंडीने दात वाजवीत, खोकल्याचे काढे घेत शिकून घेतली होती.

आणि मग धाकटी जाऊ आली.

धाकटी औषधांच्या दुकानात कामाला होती. मागच्या हिवाळ्यात ती नुसती फिरायला म्हणून बाईंबरोबर किनाऱ्यावर गेली, नवऱ्याने आणलेला नवा हलका कॅमेरा उचलला आणि पहिल्याच खेपेस चोचीत अळी धरून पळणाऱ्या तुतवाराचे असे चित्र काढले की घरातल्या सगळ्यांनी ते पुन्हा पुन्हा मागून पाहिले. बाईंनीही पाहिले. "छान आहे," असे म्हणाल्या, आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

बाईंना सर्वांत जास्त काय सलत होते? धाकटीला काहीच कष्ट पडत नव्हते, हे. तिला सर्दीसुद्धा होत नसे. ती उशिरा उठे, डोळे चोळत येई, वाळूत बसून हसे आणि चित्र घेऊन घरी जाई. त्यात यंदा बंदर कचेरीतल्या साहेबांनी निरोप धाडला होता, की पहिल्या पानासाठी दोघींनीही आपापले एक चित्र द्यावे. इतकी वर्षे असा निरोप एकट्या बाईंना येत असे.

"वहिनी, कॅलेंडर यंदाही घरातच राहणार," दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, जेवताना म्हणाले. "फक्त कोणाच्या नावावर, तेवढं बघायचं!"

बाईंनी त्यांच्या ताटात न मागता आणखी भात वाढला, म्हणजे तोंड बंद राहावे.

त्याच आठवड्यात धाकटी दुकानात आली आणि टोपलीच्या काठावर बसली.

"ताई, मलाही शिवून द्या ना तुमच्यासारखं पांघरूण. मी जरा हलले की पाखरं पळतात."

"पळणारच. त्यांना डोळे असतात."

"आणि मला अक्कल नसते, असंच ना?" धाकटी खदखदून हसली. "द्या हो शिवून. तुमच्या हाताचं हवंय मला."

बाईंपाशी दोन कापडे होती. एक जुने, धुऊन धुऊन मऊ पडलेले सुती. दुसरे पावसाळी कोटाचे; रंग अगदी वाळूचा, पण ताठ, आणि जरा हलले की करकरणारे. बाईंनी दोन्ही कापडे बोटांत चुरगाळून पाहिली. नंतर मनाशी म्हणाल्या, की हे दुसरे ओल धरणार नाही आणि टिकेलही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हाच त्यातला मोठा आधार होता. त्यांनी ताठ कापड घेतले. शिलाई मात्र उत्तम घातली; कामात खोट काढायला त्यांनी कोणाला जागा ठेवली नाही.

ठरल्या सकाळी दोघी किनाऱ्यावर गेल्या. बाई खडकाच्या अलीकडे पालथ्या पडल्या. धाकटी बरीच दूर, उथळ खळग्यापाशी. भरती चढू लागली. तुतवारांचा थवा पाण्याच्या कडेने पळत पळत धाकटीकडेच निघाला. इतक्यात वारा सुटला. धाकटीचे पांघरूण असे करकरले की बाईंना ते इतक्या लांबून ऐकू आले. थवा उडाला, पाण्यावर एक वळसा घेतला आणि थेट बाईंकडे येऊन उतरला.

बाईंना आनंदाने श्वास घेणे सुचेना. पक्षी दुडक्या चालीने जवळ आले, आणखी जवळ आले, आणि त्यांच्या नाकासमोर एका पायावर उभे राहून पिसे साफ करू लागले. बाईंनी लेन्समधून पाहिले. सगळे धूसर. गोल चाक फिरवले. तरी धूसरच. हातभर लांबीची ती लेन्स दूरचे पाहण्यासाठी केलेली. नाकासमोरचे तिला दिसेना. मागे सरकावे, तर थवा उडणार. पाठीवर कोणी बोटाने टोचावे तसे काहीतरी झाले, पण बाई हलल्या नाहीत. भरती उतरेपर्यंत त्या तशाच पडून राहिल्या. पक्षी त्यांच्याभोवती झोपले, आणि बाईंना एकही चित्र मिळाले नाही.

परत येताना धाकटी पळतच आली. "ताई, बघा तर खरं!"

तिच्या कॅमेऱ्यात सकाळचे कोवळे ऊन होते, झोपलेल्या तुतवारांची दाटी होती, आणि मध्ये वाळूचा एक उंचवटा होता. उंचवट्याच्या माथ्यावर एक तुतवार पिसांत चोच खुपसून उभा होता. उंचवट्याच्या एका टोकाला बाईंच्या चपलेचा तळवा दिसत होता.

"माझं पांघरूण वाजतं हो जरा," धाकटी म्हणाली, "पण बरंच झालं! नाहीतर मला हे मिळालं असतं का?"

बाईंनी त्या साली जुनेच एक चित्र दिले. ते साहेबांनी आदराने परत पाठवले.

नवे कॅलेंडर धाकटीने स्वतः आणून दुकानाच्या भिंतीवर लावले. खाली तिचे नाव होते. गिऱ्हाइके माप देता देता विचारू लागली, "बाई, यात तुमचं काय?"

"मी आहे ना," बाई म्हणत. "ती चप्पल."

एकदा दीरही विचारून गेले, "वहिनी, पाठभाडं काय घेतलंत त्या पाखराकडून?" बाईंनी त्यांच्या पाटलोणीची शिलाई दोन दिवस लांबवली.

पुढे एके दुपारी बाईंनी धाकटीकडून ते पांघरूण मागून घेतले. ताठ कापड उसवून काढले आणि त्या जागी आपले मऊ सुती कापड लावले. कडा दुमडून हाताने टाके घातले. वाऱ्यात धरून पाहिले. कसलाही आवाज आला नाही. धाकटीचे डोळे भरून आले.

"ताई, किती करता हो माझ्यासाठी!"

"असू दे," बाई म्हणाल्या. दात लावून दोरा तोडताना त्या मनात अगदी शांतपणे म्हणत होत्या: आता येऊ देत पाखरे हिच्याही नाकाशी. आणि दिरांना सांगून हिला माझ्या लेन्सइतकीच लांब लेन्स घ्यायला लावली पाहिजे.