वहिनीने केलेला अध्यक्ष

माझ्या वहिनीचा हात हलका. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती कामाला होती. सुई टोचलेली कळायचीसुद्धा नाही, लोक "झालं पण?" म्हणत बाही खाली करायचे. त्याच हलक्या हाताने तिने राजेसाहेबाला टोचलं आणि मला त्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

राजेसाहेब म्हणजे टाइल्सच्या शोरूमचा मालक. आमच्या हौशी नाटकमंडळात राजाची भूमिका कायम त्याचीच, म्हणून हे नाव. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

माझा दादा फ्रिज दुरुस्त करायचा आणि मंडळात भालदार-चोपदार, नाहीतर प्रेत, असली कामं करायचा. एकदा ऐन प्रयोगाच्या दिवशी राजेसाहेबाचा घसा बसला. दादाला अख्खं नाटक पाठ होतं, म्हणून त्यालाच राजाचे कपडे चढवले. कमरेत ढगळ झाले ते, वहिनीने मागून पिना लावल्या. आणि काय काम केलं माझ्या दादाने! पडदा पडला तरी लोक उठेनात. विंगेत राजेसाहेब गळ्याला मफलर गुंडाळून उभा होता. त्याने दादाला मिठी मारली. त्या मिठीवरूनच मला कळायला हवं होतं.

महिन्याभरात त्याने दादाला मोठ्या आग्रहाने कार्यकारिणीवर घ्यायला लावलं. "अशी माणसं हवीत," म्हणाला. दादा हरखून गेला. नवा शर्ट घालून पहिल्या बैठकीला गेला आणि तिथे राजेसाहेबाने साधा सभासद म्हणून ठराव मांडला. कार्यकारिणीवरच्या माणसाने स्टेजवर जायचं नाही, लोक म्हणतात भूमिका आपसात वाटून घेतात. आणि राजीनामा दिला तरी पुढची तीन वर्षं जायचं नाही, नाहीतर नियमाला अर्थ काय? स्वतः तो कार्यकारिणीवर नव्हताच, शोरूममधून सवड मिळत नाही म्हणे. सगळ्यांना ठराव फार तत्त्वाचा वाटला. दादालाही वाटला! आमच्या भोळ्या सांबाने स्वतःचा हात वर केला. घरी येऊन बूट काढताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

त्याने राजीनामा दिला आणि वाट बघत बसला. लोकांच्या फ्रिजमध्ये डोकं घालून संवाद म्हणायचा. दुसऱ्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात, हातात पान्हा असतानाच त्याचं हृदय बंद पडलं. स्टेजवर तो परत गेलाच नाही.

आणि त्यानंतर वहिनी काय म्हणाली? "त्यांच्या जागी मी येते कार्यकारिणीवर." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला नको नको ते बोलले. ती चहा गाळत होती. "वन्सं, थोडा दम धरा," एवढंच म्हणाली.

मी दम धरला, पण जिभेला लगाम घातला नाही. वहिनी तिथे राबत होती आणि मी घरी टोमणे मारत होते. पडदे धुवायला टाकणं, मोडक्या खुर्च्यांचे स्क्रू, तुंबलेलं बाथरूम, तिकिटं फाडणं, सगळं ती बघायची. तालमीच्या चहाला तीच बसायची. तिथे तिला कळत गेलं की राजेसाहेबाने एकट्या दादालाच नाही, सगळ्यांनाच कधी ना कधी कोपर मारून बाजूला सारलंय. ती नुसती ऐकायची आणि कप भरायची.

मग जुने अध्यक्ष मुलीकडे राहायला गेले. वहिनीने राजेसाहेबाचं नाव पुढे केलं. असा हरभऱ्याच्या झाडावर चढवला त्याला की विचारू नका! तुमच्यासारखं व्यक्तिमत्त्व, तुमचा आवाज, तुमचा फोटो फॉयरमध्ये लागेल. गडी विरघळला. तरी एकदा म्हणालाच, "पण वहिनी, माझ्या भूमिकांचं काय?"

"नियम तुमचाच," वहिनी म्हणाली. "तुम्हाला कोण अडवणार?"

तो गडगडून हसला आणि अध्यक्ष झाला. हार घातला वहिनीनेच.

पुढच्याच बैठकीत तिने नाटक सुचवलं. स्वतःच्या मुलावर खटला चालवणाऱ्या म्हाताऱ्या न्यायाधीशाचं. ही भूमिका केली की डोळे मिटायला मी मोकळा, असं राजेसाहेब वर्षानुवर्षं सांगत आलेला. नाटक ठरलं. त्याने दाढी वाढवली. शोरूममध्ये गिऱ्हाइकांना टाइल्स दाखवताना निकालपत्राचं भाषण ऐकवू लागला.

भूमिका वाटायच्या बैठकीत तो म्हणाला, "न्यायाधीशाचा तर प्रश्नच नाही."

"नाहीच," वहिनी म्हणाली. "अध्यक्षांना करता येत नाही."

तो आधी हसला. मग म्हणाला, बदलू या नियम, घ्या मतं. हात एकच वर गेला, त्याचा स्वतःचा. बाकीचे टेबलाकडे बघत बसले. "मग हा घ्या राजीनामा!" तो ओरडला. वहिनीने शांतपणे विचारलं, "आणि पुढची तीन वर्षं?" गड्याच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. तीन वर्षांनी त्याला कोण स्टेजवर उभा करणार? राजीनामा दिला तर खुर्चीही जाणार. ओरडून झाल्यावर तो पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. भूमिका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला गेली.

पहिल्या प्रयोगाला अध्यक्षांनी पुढच्या रांगेत बसायचं असतं. शेजारी वहिनी, मागे मी. निकालपत्राचं भाषण सुरू झालं आणि राजेसाहेबाचे ओठ हलायला लागले. एकही शब्द चुकला नाही त्याचा. वहिनी नाटकाकडे बघतच नव्हती. मान वळवून ती त्याचे ओठ बघत होती.

स्टेज बंद झाल्यावर दादाही असाच पुढच्या रांगेत बसायचा. त्याचेही ओठ हलायचे. तेव्हा तिला बघवायचं नाही, ती माझा हात घट्ट धरून ठेवायची.

पडदा पडला. टाळ्यांच्या कडकडाटात राजेसाहेब तिच्याकडे वळला. डोळे पाण्याने भरलेले. "झालं समाधान?" त्याने विचारलं. "आता तरी फिट्टंफाट झाली ना, वहिनी?"

"फिट्टंफाट कशी होईल?" वहिनी म्हणाली. "तुम्ही जिवंत आहात की अजून."

मग तिने गुच्छ त्याच्या हातात दिला आणि स्टेजच्या पायऱ्या दाखवल्या. न्यायाधीशाचा सत्कार अध्यक्षांनी करायचा होता.