गाडीपाशी उभे राहणारे गुरुजी

"जा बापू, शिकून या. कटाळा आला त आपली शाळा आहेच!"

आमच्या कॉन्व्हेंटची गाडी सकाळी चौकात थांबली, की हे वाक्य आलंच. बोलणारे गृहस्थ समोरच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. हात मागे बांधून उभे राहायचे आणि आपल्या शाळेत न येणाऱ्या मुलांना टाटा करायचे. असा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का कुठं?

मी त्या कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवते. माझी लेकही तेव्हा तिथंच होती. दोघी एकाच गाडीनं जायचो. आमच्याकडे टाय, बूट, संगणक. मुलं खणखणीत इंग्रजीत पाणी मागतात. मला त्याचा अभिमान आहे, उगाच कशाला लपवू? गुरुजींकडे दोन खोल्या, एक चिंच आणि दर वर्षी घटणारा पट. तो आणखी घटला तर शाळा नाल्यापलीकडच्या गावात जाणार होती. आणि पावसाळ्यात नाला ओलांडून कोण आपली पोरगी धाडतो? ती घरीच बसणार.

"गुरुजी, तुमचे पोट्टे आम्ही नेतो, अन् तुम्ही टाटा करता?" मी एकदा छेडलं.

"गावचेच होत ना माय. शाळा बदलली म्हनून मी त्याइले ओळख नोको देऊ काय?"

मग ती भाताच्या रोवणीतली सकाळ. बाया पहाटेच चिखलात उतरलेल्या, घरांना कुलपं. गाडी रस्त्यात रुतली, आलीच नाही. टाय लावलेली पोरं चौकात रडकुंडीला आली. गुरुजींनी सगळ्यांना शाळेत नेलं. मलाही सोडलं नाही.

"म्याडम, आल्याच आहा त इंग्रजी घ्या."

मी चिंचेखाली गाणं शिकवत होते. टायवाली आणि बिनटायची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून गात होती. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब आले. भरलेली शाळा बघून खूश झाले. "वा गुरुजी! पट वाढलेला दिसतो!"

मला वाटलं, झालं, वाचली शाळा. गुरुजींनी फक्त गप्प राहायचं होतं.

"नाही साहेब. हे टायवाले आपले नोहोत. गाडी नाही आली त्याइची. पाहुने होत. अन् ह्या म्याडमही पाहुन्याच."

साहेबांचा चेहरा उतरला. ते गेल्यावर मी चिडलेच. "काहून सांगतलं गुरुजी? चूप राहाचं होतं ना!"

"एवढे टाय कुठं लपवू माय?" ते हसले. मग हळूच म्हणाले, "अन् पोट्टे पाहून राहिले होते ना."

त्यांनी पाहुण्यांना खिचडी खाऊ घातली, आणि दिवेलागणीला चिखलाच्या पायांनी आया परतेपर्यंत एकालाही एकटं सोडलं नाही. त्या आयांनी हे पाहिलं. पुढच्या जूनमध्ये चौकातली निम्मी पोरं गाडीत चढलीच नाहीत. शाळा नाल्यापलीकडे गेली नाही. माझी लेकही चिंचेखाली गेली, आणि मी तिला अडवलं नाही.

गुरुजी त्याच वर्षी निवृत्त होऊन मुलाकडे एकोडीला गेले. मला त्यांची फार आठवण येते. कॉन्व्हेंटात मी अजून शिकवते, त्याच गाडीनं जाते. गाडी सुटताना त्यांच्या जागी माझी लेक हात मागे बांधून उभी असते.

"जा आई, शिकवून ये. कटाळा आला त आपली शाळा आहेच!"