मधल्या सुट्टीतला फोन

आमच्या शाळेत हजेरीच्या नोंदी उशिरा होतात, किस्स्यांच्या मात्र त्याच दिवशी! स्टाफरूममध्ये डबा उघडला की कुणीतरी म्हणतंच, "अहो, आज काय झालं माहितीये का?" मग भाजी गार होते, घंटा होते आणि किस्सा अर्धा राहतो. असे अर्धे राहिलेले माझ्याकडे पुष्कळ साठलेत.

शाळा शिरूर कासार तालुक्यातली, पाचवी ते दहावी. मी विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी हेडसरांनी माझ्याकडे आणखी एक काम दिलं, 'मुलांचं मानसिक आरोग्य आणि मोबाईल'. निवड का झाली? तर प्रोजेक्टर मला लावता येतो म्हणून! दुसरी पात्रता कुणी विचारली नाही.

त्या खात्यातले हे काही किस्से. काहींवर आम्ही अजून हसतो. एकावर मला अजून हसू येत नाही, पण तो सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

*

पहिल्यांदा प्रशिक्षण झालं. विषय होता, मुलांचं मोबाईल बघणं कमी कसं करावं. प्रशिक्षण ऑनलाईन. सकाळी दहा ते दुपारी साडेतीन!

हेडसर आणि मी ऑफिसात एकाच मोबाईलसमोर बसलो होतो. तासाभराने प्रशिक्षक म्हणाले, "आता सर्वांनी डोळे मिटून दोन मिनिटं विश्रांती घ्या." हेडसरांनी ती सूचना वीस मिनिटं आधीच अमलात आणली होती, तीही कॅमेरा चालू ठेवून. प्रशिक्षकांनी त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. आमचे शिपाई दगडूमामा चहा घेऊन आले, सरांकडे बघितलं आणि मला म्हणाले, "ह्यांचं मन लई निरोगी हाय, मॅडम."

*

प्रशिक्षणातून उठल्यावर हेडसरांना जोर चढला. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, शाळेत मोबाईल बंद. आठवी ते दहावीच्या मुलांचे मोबाईल सकाळी पोत्यात जमा, सुटताना परत. पोतं हेडसरांच्या टेबलाखाली.

आता आमच्या भागाची गोष्ट अशी, की दिवाळी झाली की निम्मं गाव टोळ्या करून ऊसतोडीला जातं. पोरं मागे राहतात, आजा-आजीजवळ नाहीतर वसतिगृहात. आईबाप चार-पाच महिने कारखान्याकडे. उसाच्या फडात दुपारी भाकरी खायला बसलं की आया पोरांना फोन लावतात. तीच त्यांची वेळ, तीच पोरांची मधली सुट्टी. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण पोतं शिवताना एकालाही आठवलं नाही.

एक वाजता पोतं वाजायला लागलं. एक थांबला की दुसरा. हेडसरांनी वैतागून एक उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी किसनाची आय. तुमी कोन?"

"मी हेडमास्तर."

"अगं बया! किसनाला काय झालं?"

बाई रडायलाच लागली. त्याला काही झालं नाही हे पटवता पटवता हेडसरांना घाम फुटला. शेवटी ती म्हणाली, "मंग जेवला का इचारा की त्याला." हेडसर उठले, किसनाला शोधून विचारून आले, "जेवला म्हणतो." तोवर पोत्यातले आणखी सहा वाजत होते.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आमचे हेडसर व्हरांड्यात फिरत एकेका पोराला विचारत होते, "जेवला का रे? तुझी आई विचारती." सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदा हे विचारलं असावं. एका पाचवीतल्या पोरीची आई गावातच होती, तरी ती पोरगीही सरांपुढे येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पोतं गेलं आणि मधल्या सुट्टीत फोनला परवानगी मिळाली.

*

मग मी एक पेटी ठेवली. 'मनातलं लिहा, नाव लिहू नका.' पहिल्या आठवड्यात चार चिठ्ठ्या. दोघांना खिचडीत तिखट जास्त वाटत होतं, एकाला गणिताचे सर बदलून हवे होते. चौथी चिठ्ठी अशी: 'पेटी ऑफिससमोर कावून ठेवली? टाकताना समद्यांला दिसतंय.'

एवढं प्रशिक्षण घेऊन मला हे सुचलं नव्हतं! पेटी उचलली आणि पाण्याच्या टाकीमागे टांगली. तीन दिवसांत भरली. तिच्यातच ही चिठ्ठी होती. 'नववीची अश्विनी शाळेत येत न्हाई. फोटोमुळं.'

कसला फोटो, काही कळेना. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आईवडील दोघंही तोडीला. घरी आजोबा आणि त्यांच्या शेळ्या. आजोबा म्हणाले, "ताप हाय म्हनती, मॅडम. पर अंग तं गार लागतंय." अश्विनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी अर्धा तास बसले, ती वळली नाही. शेवटी शेळ्यांना पाला टाकून मी परत आले.

*

संध्याकाळी फोटो आपणहून समोर आला. आणला कुणी? हेडसरांनी!

पालकांच्या ग्रुपवर त्यांनी सूचना टाकली, 'रविवारी नववीचे जादा तास होतील.' आणि खाली गंमत म्हणून एक स्टिकर. रडणारी एक मुलगी, वर लिहिलेलं, 'मला बी ने.'

मी ते चित्र मोठं करून बघितलं. ती अश्विनी होती. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभी राहून आईशी बोलताना रडली होती, तेव्हाच कुणीतरी फोटो काढला होता. नंतर कळलं, शाळेतल्या पोरांच्या ग्रुपवर आठवडाभर तोच चालला होता. गृहपाठ दिला की अश्विनी, परीक्षा आली की अश्विनी.

हेडसरांचा नातू आठवीत. तो सरांच्याच मोबाईलवर खेळतो, त्याच वाटेने स्टिकर तिथे पोचला. हेडसरांना वाटलं, अशी चित्रं मोबाईलमध्ये आधीपासूनच येतात. चष्मा न लावता टाकलं. मी फोन केला तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "आपलीच पोरगी, अन् मला ओळखू आली नाही?"

तोवर उशीर झाला होता. अश्विनीच्या आईला वाचता येत नाही, पण चित्र बघायला अक्षरं कशाला लागतात? रात्री तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मॅडम, माज्या पोरीला शाळाच हसती व्हय? मंगळवारी येते. दाखला तयार ठेवा. नववीपतोर शिकली तेवढं लई झालं. कोयत्याला लागंल माज्यासंगं."

मला झोप आली नाही. फोनची परवानगी आम्हीच दिली होती. पोरांना आईशी बोलायला वेळ दिला, पण रडायला आडोसा दिला नाही. पेटीच्या वेळी एका चिठ्ठीने मला हेच शिकवलं होतं, तरी व्हरांड्याच्या बाबतीत माझं डोकं चाललं नाही. ही चूक माझी होती, आजही मी ती माझीच मानते.

*

सोमवारी नववीच्या वर्गात मी म्हटलं, "कुणी केलं ते मला नको. आधी सगळ्यांनी काढून टाका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मधली सुट्टी संपल्यावर ऋषी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. वर्गातला सगळ्यात विनोदी पोरगा.

"मॅडम, मीच केलता."

"कावून रे?"

बराच वेळ तो टेबलाची कड नखाने खरवडत राहिला. "माजी आय बी गेलीय. मला बी तसंच रडू येतं. पोरं हसतील म्हनून मी रडत न्हाई. ती रडली अन् समदे तिच्याकडं बगाय लागले. मला बरं वाटलं."

मी त्याला चांगला झापायचं ठरवून बसले होते. माझ्याकडे प्रशिक्षणातली बारा प्रश्नांची यादीही होती. दोन्ही तशीच राहिली. मी एवढंच विचारलं, "आईला फोन लावायचा का?"

"आत्ता नगं. ती फडात असंल."

संध्याकाळी तो माझ्याबरोबर अश्विनीच्या घरी आला. ती बाहेर येईना, तो आत जाईना. मधल्या मधे आजोबा निरोप ने-आण करू लागले.

"पोरगं म्हनतंय, चुकलं."

आतून काहीतरी बोलणं ऐकू आलं. आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "ती म्हनती, मोबाईलमधनं काढला का?"

"काढला," ऋषी म्हणाला.

आजोबा आत जाऊन परत आले. "ती म्हनती, लोकायच्या मोबाईलमधनं कोन काढनार?"

ऋषीने माझ्याकडे बघितलं. आजोबा थोडा वेळ दोघांकडे बघत राहिले आणि शेळ्या बांधायला निघून गेले.

*

हेडसरांनी त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर माफी मागायचं ठरवलं. बऱ्याच जणांना वाचता येत नाही म्हणून आवाजात बोलायचं. पहिलं रेकॉर्डिंग असं: "सर्व पालकांस कळविण्यात येते की, अनवधानाने प्रसारित झालेल्या चित्राबाबत दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे."

मी म्हटलं, "सर, ही बदलीची ऑर्डर वाटते."

दुसरं झालं, तिसरं झालं. आठव्या वेळी 'प्रशासनातर्फे' आलं. दगडूमामा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचा धीर सुटला.

"सायेब, 'माजं चुकलं' म्हना की! एवढं कावून फिरताव?"

हेडसरांनी त्यांच्याकडे बघितलं, बटण दाबलं आणि म्हणाले, "मी हेडमास्तर बोलतोय. अश्विनीचा फोटो मी टाकला. ती आईसाठी रडत होती, अन् मी त्याची गंमत केली. माझं चुकलं." मग मोबाईल उलटा ठेवून दिला.

दोन तासांनी ग्रुपवर एका बापाचा आवाज आला. मागे ट्रॅक्टरची घरघर. "सर, आमाला तं वाटलं, तुमी आमालाच हसले. आता बरं वाटलं."

अश्विनीच्या आईचं मात्र काहीच आलं नाही.

*

एक मधलाच किस्सा. सोमवारीच आम्ही ग्रंथालयातली दोन कपाटं ओढून कोपरा तयार केला. आत एक खुर्ची. मधल्या सुट्टीत एकेकाने जायचं, घरी बोलायचं, हवं तेवढं रडायचं, तोंड पुसून बाहेर यायचं. बाहेर दगडूमामा, कोपऱ्याकडे पाठ करून. आत कोण गेलं, डोळे लाल आहेत का, हे बघायचं नाही अशी त्यांना ताकीद. ते इतके नेकीने पाठ करून बसत की एकदा मी चहा दिला तोही त्यांनी न बघताच घेतला.

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. व्हरांड्यात ग्रंथालयापुढे वीस पोरं रांगेत, एकदम शांत. साहेबांना गहिवरून आलं. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची अशी ओढ अन्यत्र आढळली नाही. अभिनंदनीय.'

हेडसरांनी खाली मुकाट्याने सही केली.

*

तपासणीच्या आधी, त्याच आठवड्यात मंगळवारी, अश्विनीची आई आली होती. रात्रभर एसटीने प्रवास करून, सकाळी अकराला. हातांना उसाच्या पानांनी कापल्याच्या रेघा. मागे अश्विनी, ओढणी कपाळापर्यंत. आई खुर्चीवर बसली नाही.

"दाखला द्या."

मी बोलले. नववीत सोडू नको म्हटलं, पोरगी हुशार आहे म्हटलं. ऋषीनं कबूल केलंय, कपाटामागं जागा केलीय, सगळं सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी चांगल्या हाव, मॅडम. पर गावाच्या मोबाईलमधी माजी पोरगी रडतीय. ती आता शाळेत कोन्या तोंडानं बसंल? दाखला द्या."

हेडसरांनी दाखल्याचं पुस्तक काढलं. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, इयत्ता लिहिली. सावकाश, एकेक अक्षर. मग पेन थांबवून वर बघितलं.

"इथं शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं, ताई. काय लिहू?"

"लिहा की. पोरगी रडली म्हनून."

हेडसर लिहायला वाकले. पण पेन काही टेकेना. अश्विनी खाली बघत होती. बाहेर पाचवीच्या वर्गात पाढे चालले होते.

बाई त्या कोऱ्या रकान्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठं लिहायचं राहिलंय ते दिसत होतं. मग ती म्हणाली,

"थांबा वो, सर."

सर थांबलेलेच होते.

"मी बी रडते की फडात. रोजच रडते. मला कुनी टोळीतनं काढलं न्हाई."

तिनं पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "आता कोनचा तास चालू हाय नववीला?"

"गणिताचा."

ती पोरीकडे वळली.

"मंग हितं कावून हुबी हाय गं?"