बिश्केकचे जवाईबापू

प्रियदर्शनी इंगळे डॉक्टर व्हायला बिश्केकला गेली, तेव्हा आमच्या गल्लीत ते गाव नकाशावर कुणालाच दाखवता आलं नसतं. शिकून ती अकोल्याला परतली, इथली परीक्षा पास झाली, दवाखान्यात लागली आणि मग एके दिवशी तिनं घरी सांगितलं. तिकडे एक जण आहे, बाकीत नावाचा. किरगिझ आहे, मोठ्या थिएटरात बॅले नाचतो.

"नाचते?" तिचे वडील धर्मपालजी एवढंच म्हणाले. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये सुतारकामात गेली होती.

पण लग्न झालं, आणि आपला देश, आपलं थिएटर सोडून चौतीस वर्षांचा बाकीत ऐन मे महिन्यात अकोल्यात उतरला. तो इतका ताठ चालायचा, की भाजीवाला गाडी थांबवून बघत राही. सासू भागीरथाबाईंचं मन त्यानं लगेच जिंकलं. त्यांच्याजवळ ओट्यापाशी बसून अंबाडीची भाजी निवडायचा आणि बोलणंही त्यांच्याकडूनच शिकायचा. म्हणून त्याचं मराठी पक्कं वऱ्हाडी.

अडचण धर्मपालजींची होती. कुणी विचारलं, "जवाई काय करते?" तर ते सांगत, "व्यायामाचे मास्तर हायत."

लग्नाच्या हंगामात एका इव्हेंटवाल्यानं बाकीतला नवरदेवाकडच्या मंडळींना नाच शिकवायचं काम दिलं. तो आनंदानं करायचा. दर्यापूरच्या एका वरातीत पोरांनी हट्ट धरला, "सर, एक उडी!" डीजेच्या गाडीपुढं, डांबरी रस्त्यावर त्यानं उडी मारली. शिट्ट्या पडल्या. पण दुसऱ्या दिवशी गुडघा असा सुजला की पलंगावरून पाय खाली ठेववेना. प्रियदर्शनी त्याला रागावून ड्युटीवर गेली. धर्मपालजी बर्फाची पिशवी धरून शेजारी बसले.

"जवाईबापू, तिकडं तं रोज उड्या मारत होते तुमी. तवा नाही सुजला?"

"तिकडं खाली लाकूड होतं, बाबा. लाकूड दबते, मंग माणसाले वर लोटते. रस्ता दबत नाही. सगळं गुडघ्यालेच लागते. इथी आल्यापासून म्या खरा नाच केलाच नाही."

 त्याच आठवड्यात धर्मपालजी एसटीनं अकोटला गेले. तिथं एक जुनी जिनिंग फॅक्टरी पाडत होते. तिथल्या सागाच्या फळ्या टेम्पोत घालून त्यांनी घरी आणल्या आणि समोरच्या खोलीतला सोफा पोर्चमध्ये काढला.

"पाहुणे बसतीन कुठी?" भागीरथाबाई ओरडल्या.

"फळ्यायवर बसतीन."

खाली जुन्या टायरचे तुकडे, त्यावर आडव्या पट्ट्या, त्यावर फळ्या. जमीन तयार झाली तेव्हा बाकीतनं तिच्यावर पाय दाबून पाहिला. "चांगलं हाय, बाबा."

धर्मपालजी त्याच्या तोंडाकडं पाहत होते. "खोटं नको बोलू. मी सुतार हाय, तू नाचणारा हायेस. सांग." तू म्हणायची ती पहिलीच वेळ.

"थोडं कडक हाय."

सगळ्या फळ्या पुन्हा उचकटल्या. पट्ट्यांमधलं अंतर वाढवलं. या वेळी सासरा-जावई दोघंही गुडघे टेकून स्क्रू पिळत होते.

मी त्या रविवारी दुपारी विरजण मागायला गेले होते, म्हणून मला पाहायला मिळालं. मोबाइलवर पियानो लागला होता. बाकीत आधी हळूहळू हात उघडत गेला, मग धावला आणि उडाला. भागीरथाबाई पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून धावत आल्या, "पंखा! आदी पंखा बंद करा!" धर्मपालजी दारात बसून आधी फक्त फळ्यांकडं पाहत होते. मग त्यांनी मान वर केली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. त्या दिवसापासून विचारणाऱ्याला ते सरळ सांगू लागले, "माहा जवाई नाचते."

आता संध्याकाळी गल्लीतल्या पोरी तिथं शिकायला येतात.

गेल्या डिसेंबरात बाकीतची आई गुलनारा आली. त्याच्या जुन्या थिएटरात शिकवायला माणूस हवा होता आणि त्याला परत न्यावं असं तिच्या मनात होतं.  एकदा सकाळी तो गच्चीवर उभा दिसला. मी विचारलं, तर म्हणाला, "इथी सगळं सपाट हाय, काकू. उठलो का डोळे पहाड शोधतेत."

मला वाटलं, हा जाणार. पण प्रियदर्शनीनं "तू ठरव, मी येईन" म्हटल्यावरही त्यानं आईला नकारच दिला. कारण विचारलं, तर नुसतं म्हणाला, "पोरी येतेत नं." आई रडली. मग डोळे पुसून भागीरथाबाईंना भाकरी थापून दाखवा म्हणाली, खुणांनीच.

जाताना तिनं आपली फरची टोपी विहिणीच्या डोक्यावर घातली. अकोल्यात तसली थंडी कुठली? पण जानेवारीभर भागीरथाबाई सकाळी ती टोपी घालून दूध आणायला जात होत्या, आणि कुणी हसलं तर म्हणत, "हस, हस. तुह्या विहिणीनं देल्ली काय अशी?"