कोरी सोडलेली उत्तरं
नंदुरबारबाहेरच्या मोकळ्या रानात मिरच्या वाळायला पडल्या की त्यांचा ठसका वाऱ्याबरोबर घरात येतो, आणि मुलीच्या बारावीतला एक रविवार मला स्वस्थ बसू देत नाही. ती जेईई आणि नीट अशा दोन्ही परीक्षांची तयारी करत होती. नीट माझ्या हट्टापायी. दर रविवारी ती नीटचा सराव पेपर सोडवायची आणि तिची आई तो तपासायची. बायकोला इंग्रजी येत नव्हतं, पण उत्तरसूचीतलं अक्षर आणि मुलीने काळा केलेला गोल ती बोट ठेवून अचूक जुळवायची. त्या दिवशी जीवशास्त्राच्या नव्वदही प्रश्नांचे गोल कोरे निघाले. "वर्षभर केलंस काय मग?" मी ओरडलो. मुलगी मिरचीचं निमित्त करून नुसती खोकत राहिली. बायकोने कागद खिडकीपाशी नेला, पुन्हा एकेक ओळ पाहिली आणि मला हाक मारली, "अव्हो, हाई देखा." प्रत्येक बरोबर उत्तराशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. "तिले समदं येस. तिन्हं त्यामा मनच नही शे. इतला शिकेल मानूस, नि इतलं दिखनं नही?" मी बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी मुलीकडे न बघताच म्हणालो, "नीटचा फॉर्म भरू नकोस." आता ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, आणि तिची आई जाऊन सात महिने झाले. रोज संध्याकाळी मुलगी फोनवर म्हणते, "पप्पा, मी बरी आहे," आणि ते खरं आहे का, हे कुणाला विचारावं ते मला कळत नाही.